14 टक्के की 58 टक्के?

लातूर-नांदेडकडची बाई मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा एकटी जात नाही. सोबत सासू किंवा नवरा असतो. उदासीनतेवर गोळ्या सुरू होतात, झोप लागते, रडू थांबते. पण काही आठवड्यांनी ती म्हणते, ‘संसारात मन लागत नाही.’ या चार शब्दांचा अर्थ कामेच्छा नाहीशी झाली असाही असू शकतो. डॉक्टरांनी पुढे विचारले नाही, तर ते हे आजाराचेच लक्षण समजतील आणि मात्रा वाढवतील. म्हणजे ज्याने त्रास झाला, तेच औषध आणखी!

या औषधांचा इतिहास क्षयरोग्यांपासून सुरू होतो. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. 1957 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण जाहीर केला. 1987 साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. हे औषध चेतापेशींच्या सांध्यांत सेरोटोनिन वाढवते. पण सेरोटोनिनचे काम मनःस्थितीपुरते थोडेच आहे? लैंगिक प्रतिसादालाही ते आवर घालते. त्यामुळे इच्छा मंदावते, कामतृप्ती लांबते किंवा होतच नाही.

सुरुवातीच्या चाचण्यांत अशा तक्रारी थोड्याच नोंदल्या गेल्या. रुग्णाने आपणहून सांगितले तेवढेच लिहिले जाई. 1997 साली स्पेनमधील मोंतेखो व सहकाऱ्यांनी अशा गोळ्या घेणाऱ्या 344 स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. आपणहून सांगणारे 14 टक्के. थेट विचारल्यावर 58 टक्के! औषध तेच, माणसेही तीच. निरीक्षणाची पद्धत बदलली की आकडा कसा बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आपल्याकडचे मौन तर जुनेच. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, म्हणून 1934 साली खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी निकाल विरुद्ध गेला. 1989 मध्ये डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या 650 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. पूर्वी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. तिथे गोळ्यांचा संबंध नव्हता, न बोलण्याचा मात्र होता.

त्रास कळला तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. बुप्रोपिऑनने असा त्रास कमी होतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. उदासीनतेनेही इच्छा जाते, तेव्हा पहिली गोळी लिहितानाच विचारून नोंद ठेवावी. नाही तर नंतर दोष आजाराचा की औषधाचा हे ठरत नाही. त्यासाठी सासूबाईंना दोन मिनिटे बाहेर बसवावे लागते, एवढेच.