गिरणगावातील दादागिरी आणि निवडणुकीचे राजकारण : बेकायदा व्यवहारांच्या जामीनदारीचा इतिहास

भारतातील संघटित गुन्हेगारी आणि निवडणुकीचे राजकारण यांच्या संबंधांची चर्चा बहुधा ‘राजकारणाचे गुन्हेगारीकरण’ या शब्दप्रयोगाखाली होते, आणि त्यामागे असे गृहीत धरलेले असते की राजकारण हे मुळात निर्मळ क्षेत्र असून गुन्हेगार त्यात बाहेरून शिरले. मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा आणि वरळी या कापड गिरण्यांभोवती वाढलेल्या कामगार वस्तीचा, विसाव्या शतकातील इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. ज्या व्यवहारांसाठी न्यायालयाचे दार बंद होते त्या व्यवहारांना जामीनदाराची गरज भासली, ती गरज भागवणाऱ्या माणसाला वस्तीत वजन प्राप्त झाले आणि प्रौढ मताधिकाराच्या व्यवस्थेत त्या वजनाचे मतांत रूपांतर झाले, असा हा क्रम आहे. तो नीट समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर योजलेले उपाय तोकडे का पडले, हेही समजत नाही.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली आणि पुढील अर्धशतकात रत्नागिरी, सातारा व घाटावरील इतर जिल्ह्यांतून लाखो माणसे या शहरात आली. त्यांना गिरणीत काम मिळवून देणारा जॉबर, म्हणजे खात्यातील मुकादम, हा कामाबरोबरच उधारी, राहण्याची जागा आणि खाणावळ यांचीही सोय लावीत असे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी दिवसापुरते काम मिळणाऱ्या कामगाराला, जॉबरची मर्जी सांभाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाळींच्या गल्लीत अशीच सत्ता दादाकडे असे. दादा हा बहुधा व्यायामशाळा किंवा आखाडा चालवणारा, भांडणे मिटवणारा, उत्सवांची वर्गणी गोळा करणारा आणि प्रसंगी हात उचलणारा माणूस होता. 1928 साली गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि पाठोपाठ मोठे संप झाले, तेव्हा मालक आणि कामगार पुढारी या दोन्ही पक्षांना अशा दादांची मदत घ्यावी लागली; घोडपदेव भागातील केशवदादा बोरकर हे त्या काळी कम्युनिस्ट कामगार पुढाऱ्यांच्या विरोधात उभे राहिलेले एक ठळक नाव होते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की संपाचा निकाल गिरणीच्या दारात जितका लागे तितकाच चाळीच्या गल्लीत लागत असे, कारण वाण्याची उधारी, घरभाड्याची सवलत आणि संपफोड्यांना अडवणे ही सर्व कामे गल्लीतच होत. दादाची सत्ता या टप्प्यावर स्थानिक होती आणि तिच्यामागे फारसा पैसा नव्हता.

तो पैसा स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी पुरवला. मुंबई दारूबंदी कायदा 1949 साली झाला आणि 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने झालेल्या या कायद्यामागील नैतिक हेतू निर्विवाद होता, परंतु कष्टकरी वस्तीतील दारूची मागणी त्याने संपली नाही. हातभट्टीची दारू गाळणे, ती ट्यूबमधून शहरात आणणे, गुत्त्यांना पुरवणे आणि पोलिसांना ठरलेला हप्ता पोहोचवणे असा एक सलग धंदा उभा राहिला. शीव, माटुंगा, धारावी या पट्ट्यात वरदराजन मुदलियार याचे बस्तान याच धंद्यावर बसले. हप्ता ही या व्यवस्थेची खरी मेख होती, कारण तो नियमित देण्यासाठी धंद्याला शिस्त लागे आणि तो नियमित घेणाऱ्या शासकीय यंत्रणेला धंदा टिकण्यात रस उत्पन्न होई.

याच सुमारास आणखी तीन बाजार कायद्याच्या बाहेर वाढत होते. पहिला सोन्याचा होता. 1960च्या दशकातील सुवर्ण नियंत्रणामुळे देशातील आणि परदेशातील सोन्याच्या भावांत मोठी तफावत पडली आणि बंदरातून चालणारी तस्करी कमालीची किफायतशीर झाली. दुसरा मटक्याचा होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर खेळला जाणारा हा जुगार 1960च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्ते काढून चालवला, आणि दिवसातून दोनदा जाहीर होणारे ‘ओपन’ व ‘क्लोज’चे आकडे गिरणीच्या पाळ्यांइतकेच गिरणगावाच्या अंगवळणी पडले. तिसरा बाजार घरांचा होता. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतील भाडी गोठवली. त्यामुळे खोली हस्तांतरित करताना जुना भाडेकरू, नवा भाडेकरू आणि मालक यांच्यात पगडी, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त रोख द्यायची एकरकमी रक्कम, ठरू लागली, आणि ती घेणे हा गुन्हा होता.

या चारही बाजारांत एक समान अडचण होती. पगडी घेऊन खोलीचा ताबा न देणाऱ्या माणसावर, मटक्याचे पैसे बुडवणाऱ्या बुकीवर किंवा ठरलेला माल न देणाऱ्या भट्टीवाल्यावर दिवाणी दावा लावता येत नव्हता, कारण मूळ व्यवहारच बेकायदा होता. दिलेला शब्द पाळला जाईल याची हमी देणारा कोणी तरी हवा होता, आणि हमी देण्याची ताकद धाक घालू शकणाऱ्या माणसाकडेच होती. कायदेशीर बाबतीतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. खोलीचा खटला न्यायालयात वर्षानुवर्षे चाले; मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 याने एका उद्योगात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला असल्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त संघटनेवर विश्वास नसलेल्या कामगाराला आपले गाऱ्हाणे नेण्यासाठी दुसरी अधिकृत जागा नव्हती.

गल्लीतील बळ आणि मतपेटी यांचे नाते किती रक्तरंजित होऊ शकते हे 1970 साली दिसले. त्या वर्षीच्या 5 जूनला लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. या प्रकरणात न्यायालयाने शिवसैनिकांना दोषी ठरवले. ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव होऊन वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. गिरणगावातील डाव्या चळवळीच्या ओहोटीची सुरुवात अनेक अभ्यासक या घटनेपासून मानतात.

या ओहोटीचा शेवट 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने केला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार कामावर गेले नाहीत, संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, आणि हजारो कुटुंबांच्या घरातील नियमित पगार कायमचा थांबला. ज्या पिढीने वडिलांच्या जागी गिरणीत लागायचे ती पिढी नाक्यावर उभी राहिली. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची भायखळ्यातील टोळी या काळात बळावली. गवळी हा स्वतः काही काळ गिरणीत काम केलेला, गिरणी कामगाराचा मुलगा होता. बेकार तरुणाला टोळीने पगार दिला, दरारा दिला आणि अटक झाल्यास वकील दिला, आणि या तिन्ही गोष्टी देणारी दुसरी संस्था त्या वस्तीत उरली नव्हती.

1990च्या दशकात टोळ्यांचा धंदा बदलला. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला आणि आयातीवरील निर्बंध सैल झाल्यावर तस्करीतील नफा आटला. उलट 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 मुळे गिरण्यांच्या जमिनींची विक्री व पुनर्विकास शक्य झाला आणि मध्य मुंबईतील शेकडो एकर जमीन बाजारात येण्याची चिन्हे दिसू लागली. जमीन मोकळी करणे, कामगारांची संमती मिळवणे, भाडेकरू हलवणे आणि बांधकाम व्यावसायिकाकडून खंडणी वसूल करणे ही आता टोळ्यांची मुख्य कामे झाली. 1994 साली खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली, 16 जानेवारी 1997 रोजी दत्ता सामंत यांना पवईत मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, आणि शिवसेनेचे आमदार विठ्ठल चव्हाण व भाजपचे नेते रामदास नायक यांचेही त्याच दशकात खून पडले. जमिनीच्या वापराचा निर्णय मंत्रालयात आणि महापालिकेत होत असल्यामुळे राजकीय पद हेच आता धंद्याचे सर्वांत मोलाचे साधन बनले होते.

या पार्श्वभूमीवर गवळीने 1997 साली अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला. सात रस्त्याजवळील त्याच्या दगडी चाळीत त्याआधीपासूनच एक प्रकारचा दरबार भरत असे. लोखंडी दरवाजावर झडती देऊन आत गेलेली माणसे खोलीचा ताबा, थकलेली उधारी, भावाभावांतील वाटणी, नवऱ्याची मारहाण अशी गाऱ्हाणी मांडत, दुसऱ्या पक्षाला बोलावणे जाई आणि निर्णय बहुधा त्याच बैठकीत लागे. त्यावर अपील नव्हते. नवरात्रात तेथे होणाऱ्या उत्सवाला हजारोंची गर्दी लोटे. भीती आणि कृतज्ञता येथे एकाच माणसाच्या मनात एकत्र नांदत होत्या, आणि मतदानाच्या दिवशी त्या दोहोंचे वजन एकाच पारड्यात पडे. 2004च्या लोकसभा निवडणुकीत गवळी पराभूत झाला तरी त्याला नव्वद हजारांहून अधिक मते मिळाली, आणि त्याच वर्षी तो चिंचपोकळीतून विधानसभेवर निवडून आला. याउलट तस्कर हाजी मस्तान याने 1980च्या दशकाच्या मध्यास दलित-मुस्लिम ऐक्याच्या घोषणेवर पक्ष काढला, परंतु त्याला निवडणुकीत यश आले नाही. पैसा आणि प्रसिद्धी मस्तानकडेही होती. मात्र एका ठरावीक मतदारसंघातील घराघराचे तंटे सोडवण्याचा रोजचा व्यवहार त्याच्या हातात नव्हता. मते या व्यवहारातून मिळतात, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

या सत्तेची किंमत कोणी मोजली हेही नोंदवले पाहिजे. 2 मार्च 2007 रोजी शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा घाटकोपरच्या असल्फा येथील त्यांच्या घरी गोळ्या घालून खून झाला. महापालिकेवर निवडून येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. सुपारी, म्हणजे पैसे घेऊन खून करण्याचे काम, 30 लाख रुपयांची होती असे अभियोग पक्षाने मांडले. 1999च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखालील, म्हणजे मोक्काखालील, विशेष न्यायालयाने 2012 साली या खुनासाठी गवळीला जन्मठेप दिली. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीचा जीव पैशाने विकत घेता येतो अशा शहरात मताचे मोल काय उरते, हा प्रश्न या खटल्याने उभा केला आणि तो अजूनही मिटलेला नाही.

देशपातळीवर या प्रश्नाची अधिकृत कबुली 1993 साली आली. त्या वर्षीच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने टोळ्या, पोलीस, नोकरशाही आणि राजकारणी यांच्यातील साटेलोटे देशाच्या अनेक भागांत उघड दिसत असल्याचे नमूद केले आणि माफियांचे जाळे जणू समांतर शासन चालवीत असल्याचे म्हटले. हा त्रोटक अहवाल 1995 साली संसदेत मांडला गेला. त्याला आधारभूत असलेली गुप्तवार्ता मात्र प्रसिद्ध झाली नाही. पुढील प्रयत्न मुख्यतः सर्वोच्च न्यायालयातून झाले. 2002 आणि 2003 च्या निर्णयांमुळे उमेदवाराने आपल्यावरील गुन्हेगारी खटल्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले, आणि 2013 च्या लिली थॉमस निकालाने दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीचे पद तत्काळ रद्द होऊ लागले. तरीही असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने प्रतिज्ञापत्रांवरून केलेल्या मोजणीनुसार गुन्हेगारी खटले जाहीर केलेल्या खासदारांचे प्रमाण 2009 मध्ये 30 टक्के, 2014 मध्ये 34 टक्के, 2019 मध्ये 43 टक्के आणि 2024 मध्ये 46 टक्के असे वाढतच गेले. यांतील काही खटले आंदोलनांतून उद्भवलेले किंवा सूडबुद्धीने दाखल झालेले असतात हे मान्य केले, तरी वाढीची दिशा बदलत नाही.

माहिती उघड करण्याच्या उपायाची मर्यादा गिरणगावाच्या इतिहासातून उमगते. दगडी चाळीत रांग लावणाऱ्या माणसाला तेथील माणसाचा पूर्वेतिहास ठाऊकच होता. किंबहुना तो ठाऊक असल्यामुळेच तो तेथे जात होता. ज्याच्या धाकामुळे आपली खोली परत मिळते त्याच्यावरील खटल्यांची यादी वाचून मतदाराचे मत पालटेल, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरली. 1999च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पगडीच्या व्यवहाराला मान्यता दिली तेव्हा त्या एका व्यवहारापुरते तरी न्यायालयाचे दार उघडले आणि बेकायदा जामीनदाराच्या सत्तेचा एक आधार काढून घेतला गेला. उमेदवारांना अपात्र ठरवणारे कायदे आवश्यकच आहेत. परंतु पुनर्विकासातील भाडेकरू, कंत्राटी कामगार आणि झोपडपट्टीतील रहिवासी यांना परवडेल अशा खर्चात आणि वेळेत न्याय देणारे न्यायाधिकरण, विश्वासार्ह कामगार संघटना आणि हप्ता न मागणारी पोलीस चौकी जोवर त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही, तोवर एक दादा तुरुंगात गेल्याने रिकामी झालेली जागा दुसरा भरून काढील आणि त्याला निवडून देणारे मतदारही त्याच गल्लीत उभे असतील.