अमळनेरची दोन निमंत्रणे

अमळनेर म्हटले की मराठी साहित्याच्या अभ्यासकाला प्रथम साने गुरुजी आठवतात. गुरुजी १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले, १९३० मध्ये सत्याग्रहासाठी शाळा सोडून गेले, आणि या सहा वर्षांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु १९२३ च्या सुमारास ते या गावी आले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. चरित्रांतून ही गोष्ट एका वाक्यात येते आणि निघून जाते. त्या वाक्यापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था कोणी काढली, आणि तिच्यासाठी विद्वान कोठून आणले, या प्रश्नांचा माग घेत गेलो तर खानदेशच्या औद्योगिक इतिहासातील एका मोठ्या प्रश्नापर्यंत आपण पोहोचतो.

प्रश्न असा : उद्योगपतीला संशोधन हवे असते तेव्हा तो संशोधकाला आपल्या दारी बोलावतो, की स्वतः संशोधकाच्या दारी जातो?

जगाच्या इतिहासात दोन्ही उदाहरणे सापडतात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९०० साली आपली संशोधनशाळा काढली, तेव्हा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्राचे अध्यापक विलिस व्हिटनी यांना तिचे प्रमुखपद दिले. व्हिटनी यांनी अध्यापन लगेच सोडले नाही; आरंभी ते आठवड्यातील मोजकेच दिवस कारखान्याकडे येत. पुढे १९१२ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांना इंग्लंडमधील केनेथ मीस हवे होते. मीस ज्या लहान कंपनीत भागीदार होते ती कंपनीच ईस्टमन यांनी विकत घेतली. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी मुंबईहून स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले. विज्ञानाला वाहून घेतलेल्या व्रतस्थांचा संघ उभा राहावा आणि त्याच्या प्रचाराचे नेतृत्व स्वामींनी करावे, असा त्या पत्राचा आशय होता. स्वामींनी ते काम हाती घेतले नाही. १९०९ साली बंगळुरात भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ होते. व्रतस्थ शोधायला निघालेल्या योजनेच्या वाट्याला शेवटी पगारी तज्ज्ञ आला. यात हानी झाली असे आम्ही म्हणत नाही. निमंत्रण पाठवणाऱ्याच्या मनात नेत्याचे जे चित्र असते, त्यावरून त्याला संशोधनाकडून काय हवे आहे ते कळते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

आता अमळनेरकडे वळू. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गावरचे, बोरी नदीकाठचे, संत सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव. भोवताली कापसाचे रान. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कापडगिरणी काढली. पुढे त्यांच्या नावाची गिरणी धुळ्यातही उभी राहिली. गिरणीच्या नफ्यातून शाळेला आणि महाविद्यालयाला देणग्या देणारे धनिक महाराष्ट्रात अनेक झाले. प्रताप शेठांनी मात्र १९१६ साली, मुंबईच्या शेठ वल्लभदास यांच्या साहाय्याने, तत्त्वज्ञान मंदिर काढले. अद्वैत वेदान्ताचा आधुनिक पद्धतीने अभ्यास व्हावा, हा त्यामागचा हेतू. गिरणीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

या संस्थेने देशभरातून माणसे बोलावली. घनश्यामदास मलकानी हे सिंधी विद्वान आले आणि अनेक वर्षे संस्थेचे नेतृत्व करीत राहिले. बंगालमधून रासविहारी दास आले, दक्षिणेतून टी. आर. व्ही. मूर्ती आले. या तिघांनी मिळून 'अज्ञान' हा ग्रंथ लिहिला. तो १९३३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कृष्णचंद्र भट्टाचार्य संस्थेचे संचालक म्हणून आले आणि १९३५ पर्यंत राहिले. आधुनिक भारतीय तत्त्वचिंतनात ज्यांची गणना अग्रभागी होते असे हे भट्टाचार्य. अमळनेरहून ते गेले ते थेट कलकत्ता विद्यापीठातील पंचम जॉर्ज अध्यासनावर. संस्थेचे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघत असे, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने १९७३ पासून त्याची परंपरा नव्या रूपात चालविली.

हे पहिले निमंत्रण. त्याचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. दाता विरक्त वृत्तीने देत होता, म्हणून संशोधकाला पूर्ण मोकळीक होती. परंतु संस्थेची मुळे गावाच्या गरजेत नव्हती, दात्याच्या इच्छेत होती. गिरणीत दिवसपाळी-रातपाळी करणारा कामगार आणि मंदिरात अविद्येच्या स्वरूपाची चर्चा करणारा विद्वान हे एकाच नफ्याच्या दोन टोकांना उभे होते. त्यांच्यात संवादाचा पूल बांधला गेला नाही. साने गुरुजी मंदिरातून बाहेर पडून शाळेत गेले, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर आम्हांला अधिक स्पष्ट होतो.

दुसऱ्या निमंत्रणाची कथा २९ डिसेंबर १९४५ पासून सुरू होते. त्या दिवशी मोहम्मद हाशम प्रेमजी यांच्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीची नोंदणी झाली. तिचा कारखाना अमळनेरला होता. खानदेशचा भुईमूग हाताशी होता, आणि त्यापासून वनस्पती तूप करायचे होते. कंपनीचे भाग अमळनेरच्या लोकांनीही घेतले. १९६६ साली प्रेमजींचे निधन झाले आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी भांडवलावर मर्यादा आणली, आणि १९७८ साली आयबीएम भारतातून बाहेर पडली. संगणकाची बाजारपेठ अचानक मोकळी झाली. तेल आणि साबण करणाऱ्या कंपनीने त्या बाजारपेठेत उतरायचे ठरविले. नाव एव्हाना 'विप्रो' असे आटोपशीर झाले होते.

पण संगणक करणार कोण? कंपनीत त्या विद्येचा एकही वारसा नव्हता. १९८० साली तिने डॉ. श्रीधर मित्ता यांना संशोधन व विकासाचे प्रमुख म्हणून घेतले. ते हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियातून आले. भारतीय बनावटीचा टीडीसी-१२ हा संगणक १९६९ साली बाजारात आणणारी ती अणुऊर्जा विभागाची कंपनी. सरकारी संशोधनाच्या स्थिर चौकटीतून तेलाच्या कंपनीत जाणे, हे त्या काळी साधे पाऊल नव्हते. काम बंगळुरात, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील प्रयोगशाळेत सुरू झाले. १९८१ साली इंटेलच्या ८०८६ सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेला कंपनीचा लघुसंगणक पुढे आला. जमशेटजींच्या पत्रातील स्वप्नातून उभ्या राहिलेल्या आवारात खानदेशच्या भुईमुगावर वाढलेल्या कंपनीने आपली संशोधनशाळा मांडली, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

हे काम अमळनेरला का झाले नाही? दोष देण्याचा मोह येथे टाळावा लागेल. बंगळुरात हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या रूपाने १९४० पासून अभियंत्यांची एक वस्तीच तयार झाली होती. संशोधनाचा प्रमुख एकटा येत नाही. त्याला सहकारी लागतात, सुटे भाग देणारा लागतो, चूक दाखविणारा समानधर्मा लागतो. १९३३ मध्ये भट्टाचार्यांना अमळनेरला ग्रंथ आणि चार जिज्ञासू पुरले. १९८० मध्ये मित्तांना तेवढे पुरले नसते. पहिल्या वेळी ज्ञान गावी आले, कारण ते पेटीत भरून आणता येत होते. दुसऱ्या वेळी भांडवल गाव सोडून ज्ञानाकडे गेले.

तथापि तिसराही मार्ग आहे, आणि तो अमळनेरपासून फार दूर नाही. जळगावला १९६३ साली घासलेटच्या एजन्सीपासून व्यापार सुरू करणाऱ्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना घेतला आणि तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हे विकर शुद्ध करण्यास आरंभ केला. पुढे ठिबक सिंचन आले, केळीची ऊतीसंवर्धित रोपे आली. येथे प्रयोगशाळेला गाव सोडता येत नव्हते, कारण तिचा विषयच गावाच्या मातीत होता : चीक ताजा हवा, रोप शेतात वाढलेले पाहावयास हवे, पाणी किती लागले हे शेतकऱ्याला विचारावयास हवे. अशा ठिकाणी बाहेरून आलेला शास्त्रज्ञसुद्धा प्रथम खानदेशचा विद्यार्थी होतो.

या तीन उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. संशोधनाला प्रमुख कोण मिळाला, यापेक्षा तो कोणत्या प्रश्नासाठी बोलावला गेला, हे पाहावे. प्रश्न दात्याचा असेल तर संस्था दात्याच्या आयुष्याएवढी जगते. प्रश्न बाजारपेठेचा असेल तर ती बाजारपेठेमागे स्थलांतर करते. प्रश्न भूमीचा असेल तर ती मुक्कामाला राहते. जळगावच्या विद्यापीठाला आज बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. पेरणीपासून मळणीपर्यंतचे सारे शेतकाम जिने जात्यावर आणि शेतात अनुभवले, त्या कवयित्रीच्या नावाच्या विद्यापीठातून दरवर्षी बाहेर पडणारे विज्ञानाचे पदवीधर पुण्या-बंगळुराची गाडी धरतात. त्यांना थांबविण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु त्यांच्यापुढे खानदेशचा एखादा न सुटलेला प्रश्न कोणी कधी ठेवला काय, हे त्यांच्या शिक्षकांना, म्हणजे या पानांच्या वाचकांपैकी अनेकांना, विचारणे आम्हांला आवश्यक वाटते.