यमुनेचे पाणी आणि दिल्लीची कावीळ

दिल्लीचा इतिहास म्हटला की तख्ते, तट आणि तहनामे यांचीच आठवण प्रथम होते. मराठी माणसाला तर ही नगरी महादजी शिंद्यांच्या कर्तृत्वामुळे आणि पानिपतच्या जखमेमुळे परिचयाची झालेली आहे. या राजधानीवर परचक्रे किती आली, कोणत्या वेशीतून आली, याची मोजदाद इतिहासकारांनी केलेली आहे. परंतु १९५५च्या डिसेंबरात तिच्यावर जे संकट कोसळले ते कोणत्याही वेशीतून आले नव्हते. ते घरोघरच्या नळातून आले. डिसेंबरचा प्रारंभ ते जानेवारीचा तिसरा आठवडा, एवढ्या अवधीत दिल्लीतील सुमारे २९,३०० माणसांना कावीळ झाली. जगाच्या वैद्यकीय इतिहासात या साथीची नोंद ठळकपणे झाली. ती नोंद पंचवीस वर्षे एका चुकीच्या नावाखाली राहिली, हा या कथेचा अधिक विचार करण्याजोगा भाग होय.

त्या काळची दिल्ली डोळ्यांसमोर आणली पाहिजे. १९४१ साली दिल्ली प्रदेशाची एकूण वस्ती सव्वानऊ लाखांच्या आत होती; १९५१च्या शिरगणतीत ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिमेकडची मोकळी माळराने भरून गेली. माणसे आली, घरे उठली, त्यांचे सांडपाणी नाल्यांना मिळू लागले. शहराला पाणी मिळे ते उत्तरेस वझिराबाद येथे यमुनेतून उपसून. त्याच्या थोडे खाली, प्रवाहाच्या पुढच्या अंगाला, नजफगढचा नाला शहराची घाण घेऊन नदीस मिळत असे. वरून पाणी घ्यावे आणि खाली मैला सोडावा, हा नदीकाठच्या सगळ्याच गावांचा जुना रिवाज. त्यामागे एक गृहीत होते, ते म्हणजे नदी नेहमी आपल्या नेमाने वाहील.

१९५५च्या पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीने आपले पात्र बदललेले होते. मुख्य धार उपशाच्या जागेपासून दूर सरकली, काठाशी पाणी मंदावले, आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलट्या दिशेने चढून थेट उपशाच्या तोंडाशी येऊन पोहोचले. नोव्हेंबरच्या मध्याला सुमारे आठवडाभर हा प्रकार चालू होता. दिवाळी त्याच सुमारास होती. अभ्यंगस्नाने झाली, पाहुण्यांचे पाट मांडले गेले, तांब्या-भांडी भरली गेली.

राजधानीचे चित्त त्या वेळी दुसरीकडे गुंतले होते. १८ नोव्हेंबरला सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह दिल्लीत आले आणि त्यांच्या स्वागतास अलोट गर्दी लोटली. महाराष्ट्राचे लक्षही दिल्लीकडेच होते, पण ते राज्यपुनर्रचनेच्या निर्णयासाठी. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे जानेवारीत मुंबई पेटली. त्या धगधगीत दिल्लीच्या काविळीची वार्ता मराठी मनावर फारशी उमटली नाही, यात नवल नाही.

पाणीखात्यातील माणसे मात्र झोपलेली नव्हती, हे न्यायबुद्धीने नोंदविले पाहिजे. पाणी बिघडल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविली. त्याचा गुणही आला. एवढी घाण पाण्यात मिसळूनही दिल्लीत विषमज्वर किंवा आमांश यांची साथ उसळली नाही. पाण्याच्या शुद्धतेची त्या काळची कसोटी जंतूंची होती आणि त्या कसोटीपुरता उपाय सफळ झाला. परंतु जंतूंहून कितीतरी सूक्ष्म आणि चिवट असे काही त्या पाण्यातून पार होत होते. त्याला पकडण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते.

या रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी चाळीस दिवस जातात. म्हणजे दिवाळीत प्यालेले पाणी नाताळच्या सुमारास डोळ्यांत पिवळे होऊन उतरावयाचे. लोकांना पाणी उकळून पिण्याचा सल्ला देण्याची निकड जाणवली, तेव्हा ते दूषित पाणी पिऊन होऊन महिना लोटलेला होता. ज्याला रोग व्हावयाचा त्याला तो आधीच होऊन गेलेला होता. केवळ त्याचे त्याला ठाऊक नव्हते.

डिसेंबर उजाडला आणि पेठांतून, सरकारी वसाहतींतून, निर्वासितांच्या वस्त्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागली. अन्नावरची वासना उडाली, मळमळते, अंग मोडून येते. मग लघवी गडद होते आणि डोळे पिवळे. डॉक्टरांना विचारावे तर त्यांच्याजवळ औषध नव्हते. विश्रांती घ्या, तूप-तेल वर्ज्य करा, साखरपाणी घ्या, यापलीकडे ते फारसे सांगू शकत नव्हते. उत्तर हिंदुस्थानात कावीळ ‘झाडणारे’ पुष्कळ. उसाचा रस आणि मुळा यांची महती घरोघर सांगितली जाते. आपल्याकडे भुईआवळीला जे स्थान, तेच तिकडे यांना. वास्तविक या रोगातून बहुतेक माणसे कालांतराने आपोआप उठतात. त्यामुळे ज्याने जे दिले त्याला यश आले, आणि ज्याच्या हातून रोगी गेला त्याला अपयश. अशा वेळी खरे औषध कोणते आणि योगायोग कोणता, हे लोकांना कळावे कसे?

या साथीचा घाला पडला तो प्रामुख्याने पंधरा ते चाळीस वर्षांच्या माणसांवर. लहान मुले बव्हंशी बचावली. राजधानीसारख्या नोकरदारांच्या शहरात याचा अर्थ असा की घरातील मिळवता माणूस कित्येक आठवडे अंथरुणास खिळला. रोजंदारीवर पोट भरणाऱ्यांची स्थिती तर सांगावयास नको. आणि सर्वांत दारुण गोष्ट अशी की गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या मानाने कितीतरी अधिक होते. एकाच घरात एकच पाणी पिऊन मूल खेळत राही, पुरुष महिन्याभराने उठून कामावर जाई, आणि दिवस भरत आलेली सून हातची जाई. याचे कारण तेव्हा कोणीही सांगू शकत नव्हते.

साथीच्या चौकशीचे काम ज्यांनी केले त्यांत दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेचे संचालक डॉ. आर. विश्वनाथन यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी रोग्यांची वयोवार, वस्तीवार पाहणी केली आणि १९५७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारे रोगी थोड्याच दिवसांच्या अंतराने पडले होते. एका रोग्यापासून घरातील दुसऱ्यास लागण झाल्याची उदाहरणे थोडी होती. यावरून रोगाचा उगम एकच, आणि तो वझिराबादचे पाणी, हे निर्विवाद ठरले. रोगाला त्या वेळच्या ज्ञानानुसार ‘संसर्गजन्य कावीळ’ असे नाव मिळाले, ज्या रोगाच्या विषाणूस पुढे ‘अ’ प्रकार म्हणून जग ओळखू लागले. तो विषाणू प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नव्हता. पाहिला गेला तो १९७३ साली. त्यामुळे अन्य निदानाला वावच नव्हता.

तथापि विश्वनाथन यांनी एक मोलाची गोष्ट केली. जे निदानात बसत नव्हते तेही त्यांनी लिहून ठेवले. ‘अ’ प्रकारची कावीळ आपल्या देशात बहुतेकांना बालपणीच, नकळत होऊन जाते आणि पुढे जन्मभर तिच्यापासून संरक्षण मिळते. मग ही कावीळ प्रौढांनाच का झाली? मुले का सुटली? गरोदर स्त्रियाच एवढ्या का दगावल्या? पाठ्यपुस्तकांनी दिल्लीची साथ पाण्यातून पसरणाऱ्या ‘अ’ काविळीचे आदर्श उदाहरण म्हणून स्वीकारली. हे प्रश्न मात्र तसेच राहिले. काही रोग्यांचे रक्तद्रवाचे नमुनेही जपून ठेवलेले होते.

पुढच्या शोधाचा धागा पुण्याकडे येतो. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. १९७८ साली तेच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. १९७५-७६ साली अहमदाबादेस आणि १९७८-७९ साली खुद्द पुण्यात काविळीच्या साथी आल्या. संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद आणि डॉ. खोर्शेद पावरी यांनी अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांच्यासह या दोन साथींतील रक्तद्रवांबरोबर दिल्लीचे ते जुने नमुनेही तपासले. १९८० साली निष्कर्ष बाहेर आला: दिल्लीची कावीळ ‘अ’ नव्हती आणि ‘ब’ही नव्हती. त्याच सुमारास काश्मीरमध्ये १९७८ साली आलेल्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहंमद सुलतान खुरू हेही अशाच निर्णयास पोहोचले होते.

मग हा तिसरा कोण? १९८३ साली मॉस्कोच्या मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावण्यासाठी स्वतःचा देह पणास लावला. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांत कावीळ पसरली होती. ‘अ’ प्रकाराविरुद्ध त्याच्या शरीरात आधीच संरक्षण होते. रोग्यांच्या विष्ठेपासून केलेला द्राव तो प्याला आणि छत्तिसाव्या दिवशी त्याला कावीळ झाली. त्याच्याच विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. १९९० साली त्याची जनुकीय रचना हाती आली आणि त्यास ‘ई’ हे नाव रूढ झाले. प्रौढांवरील घाला, गरोदर स्त्रियांचे मरण, घरातील अल्प फैलाव, ही सारी त्याची लक्षणे दिल्लीच्या अहवालात आधीच नमूद होती.

दिल्लीवर पुन्हा तशी वेळ आली ती २०२० साली, आणि या वेळी कोड्याची बाजू उलटली होती. १९५५ मध्ये रोगाची वाट काही आठवड्यांत सापडली, परंतु विषाणू कळण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. कोरोनाच्या महासाथीत विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्येच जाहीर झाली होती. दिल्लीतील पहिला रोगी मार्चमध्ये आढळला. शत्रूचे नाव-गाव आधीच ठाऊक होते. तो येतो कोणत्या वाटेने, याविषयी मात्र तज्ज्ञांत दीर्घकाळ एकमत नव्हते. लोक भाज्या धुवत राहिले आणि बंद खोलीतील हवेकडे पुष्कळ उशिरा लक्ष गेले. टाळेबंदी जाहीर झाल्यावर आनंद विहारच्या बसस्थानकावर गावी निघालेल्या मजुरांची जी गर्दी झाली, ती अनिश्चिततेची किंमत कोणास मोजावी लागते हे सांगून गेली. १९५५ मध्ये ती किंमत मोजणाऱ्या स्त्रिया पडद्याआड होत्या, एवढाच भेद.

वझिराबादेस १९५९ साली बंधारा झाला आणि नाल्याचे पाणी उपशाकडे चढण्यास अटकाव झाला. पण १९९१ साली कानपुरात आणि २०१२ साली इचलकरंजीत याच विषाणूने नदीच्या पाण्यातूनच साथ घडविली. यमुनेच्या पाण्यातील अमोनिया वाढल्यामुळे वझिराबादचे शुद्धीकरण मंदावल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही येतात. शास्त्राला विषाणू सापडला. नाला आणि नळ यांतील अंतर राखण्याचे काम नगरपालिकांचे आणि नागरिकांचे आहे, आणि ते दर पावसाळ्यात नव्याने करावे लागते. ज्या अधिकाऱ्याच्या वा वैद्याच्या हाती पुढच्या साथीची नोंदवही येईल, त्याने आपल्या निदानात न बसणारी गोष्टही तीत अवश्य लिहून ठेवावी. दिल्लीचे खरे निदान अशाच नोंदींतून आणि जपून ठेवलेल्या कुप्यांतून झाले.