किक मारण्याआधी

यंत्रांचा इतिहास सांगताना ती शोधणाऱ्यांची नावं आपण घेतो. कारखाने काढणाऱ्यांचीही घेतो. तीच यंत्रं पुढं वीस-वीस वर्षं चालती ठेवणाऱ्यांची नावं मात्र कुठं लिहिलेली नसतात. आज मी टू-स्ट्रोक मोटारसायकलीविषयी बोलणार आहे. आणि तिच्या निमित्तानं, ती सुरू करून देणाऱ्या हातांविषयी.

सोलापूरला यंत्राचा कान आहे. इथली जुनी गिरणी १८७७ सालची. पुढं नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या, मग पेठापेठांतून यंत्रमाग. मागाची खटखट जरा बदलली की काय बिघडलं ते फिटरला न बघता कळे. अशा फिटरांची मुलं मी पुढं गॅरेजात पाहिली. हातात पाना, पण काम कानानं.

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे काय? मी कविता लिहिणारा माणूस, तेव्हा माझ्या पद्धतीनं सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिन चार ओळींच्या कडव्यासारखं: आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं. टू-स्ट्रोक हा शेर आहे. दोन ओळींत सगळं. पिस्टन वर जाताना वरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खाली नवं ओढून घेतो. स्फोटानं खाली येताना धूर बाहेर जातो आणि नवं मिश्रण वर चढतं. चाक एकदा फिरलं की एक स्फोट. म्हणून छोट्या इंजिनात एवढा जोर.

स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लार्क यानं १८८१ साली या तऱ्हेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्याला मिश्रण ढकलायला वेगळा पंप लागत असे. १८९१ साली इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे यानं पिस्टनखालच्या बंद पेटीचाच पंप करून टाकला. मग त्याच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगारानं उरलेली झडप काढली. पिस्टनच येता-जाता सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडू-मिटू लागला. झडपा नाहीत, त्यांना हलवणारे दांडे नाहीत. उघडून बसलं तर सामान एका परातीत मावेल.

आपल्याकडे हे इंजिन फिरत फिरत आलं. जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीची १२५ सीसीची आरटी ही गाडी महायुद्धानंतर जगानं उतरवून घेतली. इंग्लंडची बँटम तिच्यावरून झाली, यामाहाची १९५५ सालची पहिली मोटारसायकलही तिच्यावरूनच. भारतात म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली. मूळ चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी इथं आणली रुस्तम आणि फारुख इराणी यांनी. तिचंच पुढचं नाव येझदी. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत झाली. १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमामुळं तर तिच्या एका छोट्या भावंडाला लोक ‘बॉबी’ म्हणूनच ओळखू लागले. आणि आपला महाराष्ट्र तर टू-स्ट्रोकचं माहेरच. पुण्याची चेतक आणि अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, लूना दोघीही १९७२ च्या. साताऱ्याची प्रिया त्यानंतरची.

पण परवान्यांचा तो काळ. नवी स्कूटर नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. पोरगं दहावीत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात येते, असा विनोद तेव्हा चाले. शिक्षक, विडी कारखान्यातले कारकून, यंत्रमागाचे छोटे मालक यांच्या दारात यायची ती सेकंडहँड गाडी. आधीच्या मालकाच्या सगळ्या सवयी घेऊन यायची. स्कूटर एका अंगावर कलंडवून मग किक मारणारी माणसं तुम्हाला आठवत असतील. ते काही तोडगे-टोटके नव्हते. कलंडवल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल आत उतरायचं आणि थंड इंजिनाला दाट मिश्रण मिळायचं.

बी.ए. झाल्यावर, १९९२ च्या सुमारास, माझ्याकडेही एक जुनी टू-स्ट्रोक आली. मी तिचा चौथा मालक. सकाळी वीस-वीस किक मारल्याशिवाय ती बोलत नसे. ज्याला विचारावं तो म्हणे, प्लग बदला. प्लग बदलला की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोटरी दुखेपर्यंत तेच. शेवटी विजापूर वेशीकडच्या एका उस्तादांकडं ढकलत नेली. त्यांनी मला आधी थांबवलं. म्हणाले, ‘‘किक मत मारो मियाँ, पैले सोंचो.’’

त्यांचा सोंचण्याचा क्रम ठरलेला होता. इंजिनाला चार गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, दाब आणि मोकळा श्वास. एकेकीची हजेरी घ्यायची. आधी प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून किक मारायची. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. नसेल तर मॅग्नेटमधले पॉइंट घासायचे, फट गेजनं मोजायची, साधारण ०.४ मिलिमीटर. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर गेला. मग कार्बोरेटर. जेटचं भोक फुंकून साफ करायचं, तार घालायची नाही. तारेनं भोक मोठं होतं आणि मापच बिघडतं. मग सायलेन्सर. काजळीनं तो तुंबला तर गाडी श्वास सोडू शकत नाही, आणि जो सोडत नाही तो घेणार कुठून?

माझ्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. मग उस्तादांनी गिअरचं तेल तपासलं. ते कमी झालं होतं. खाली वाकून फरशी बघितली. एक थेंब नव्हता. ‘‘तेल गया किधर?’’ त्यांनी मलाच विचारलं आणि सायलेन्सरकडं बोट दाखवलं. क्रँकचं सील झिजलं होतं. पिस्टनखालची ती पेटी, जोसेफ डेचा तो पंप, हवाबंदच राहिला नव्हता. तो गिअरचं तेल ओढून घ्यायचा, ते प्लगवर बसायचं, आणि आम्ही प्लगला दोष द्यायचो. क्लचची बाजू उघडून रबराचं ते छोटं कडं बदललं. दुसऱ्या दिवशी गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली.

उस्तादांच्या गॅरेजात पाटी नव्हती की पुस्तक नव्हतं. शाळा सुटलेली पोरं हाताखाली असत, मराठी, दखनी, तेलुगू, कन्नड अशा चारी भाषांत शिव्या खात शिकत, आणि चार-पाच वर्षांनी रस्त्याच्या पलीकडं स्वतःचं दुकान मांडत. झडपा नसलेल्या त्या साध्या इंजिनामुळंच हे शक्य होतं. थोडी हत्यारं, थोडं भांडवल आणि तयार कान एवढ्यावर एक घर चालायचं.

मात्र या साधेपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झडप नसल्यामुळं धूर बाहेर जाताना न जळलेलं पेट्रोलही त्याच दारानं निसटतं. वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेही जळतं. त्यात आपली माया अशी, की इंजिन जपावं म्हणून मापापेक्षा जास्तच तेल घालायचं. त्यानं प्लग काळा व्हायचा आणि मागच्या सायकलवाल्याची छातीही. टू-स्ट्रोक गेली ती कोणाच्या दुष्टपणानं नाही. ज्या साधेपणामुळं ती गरिबाच्या हातात आली, त्याच साधेपणानं ती गेली.

१९८५ साली बाजारात एकाच वेळी दोन शंभर सीसी गाड्या आल्या. टू-स्ट्रोक आरएक्स १०० जोरात पळाली, फोर-स्ट्रोक सीडी १०० कमी पेट्रोलमध्ये लांब गेली. आपल्या माणसानं हिशेब केला आणि दुसरी निवडली. १९९१ पासून धुराचे नियम आले, १९९६ आणि २००० साली ते कडक झाले. १९९६ मध्येच येझदी थांबली, आरएक्स १०० देखील.

आता चेतक २०२० पासून आणि लूना २०२४ पासून विजेवर परतल्या आहेत. त्यांना प्लग नाही, धूर नाही, किकही नाही. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण बिघाड झाला तर आता आधी संगणक जोडावा लागतो, आणि तो वेशीजवळच्या गॅरेजात नसतो. उस्तादांच्या हाताखाली शिकणारं ते पोर आज कुठं शिकत असेल, या प्रश्नाचं उत्तर आपण अजून दिलेलं नाही. नव्या गाडीसाठी नवा कारागीर घडवायचा, तर त्याच्या हातात मीटर आणि संगणक द्यावाच लागेल. शिकवणीचा पहिला धडा मात्र जुनाच चालेल: भाग बदलण्याआधी विचार कर.