पिसल्याशिवाय वाटू नये

पत्त्यांच्या डावात पान टाकायच्या आधीचीच कामं जास्त. पानं पिसायची, शेजारच्याकडून काटून घ्यायची, पाच-चार-चार अशी वाटायची, हुकूम ठरवायचा, आणि मग कुठं उतारी. हे होईस्तोवर खेळणाऱ्याचे हात शिवशिवतात. म्हणून मधली एखादी पायरी गाळून वेळ वाचवायची खोड फार जुनी आहे. कोणती पायरी गाळली तर चालतं आणि कोणती गाळली की माणसं तुटतात, हे आमच्या निफाड तालुक्यातल्या गावाला एका गणपतीत कळलं.

पूर्वी या खेळात घाईला जागाच नव्हती. आपल्याकडं चौकट-बदामाच्या आधी गंजिफा होत्या. बाबरानं 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीला लाखेचं काम केलेल्या गोल गंजिफा अजूनही रंगवतात. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाची बारा पानं, म्हणजे एकूण 120. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला 40. ती जाड गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी हातात पिसता येत नाहीत. कापडावर पालथी पसरायची आणि दोन्ही तळव्यांनी कालवायची. वर कुठलं पान पडून गेलं हे ध्यानात ठेवायचं. दुपार गेली तरी कुणाची तक्रार नसायची.

आमच्या पारावर गंजिफा नव्हत्या, मेंढीकोट होता. चार भिडू, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं. दश्शी म्हणजे मेंढी. तीन मेंढ्या धरल्या की डाव जिंकला, चारही धरल्या की कोट. पारावरची जुनी माणसं रमतगमत खेळायची, पण एक सूट त्यांनीही ठेवली होती. शेवटची चार-पाच पानं राहिली आणि सगळे हात आपलेच होणार असं दिसलं, की भिडू म्हणायचा, "बाकीचे माझे." मात्र नुसतं बोलून भागायचं नाही. पानं घोंगडीवर उघडी टाकायची आणि आधी कोणतं, मग कोणतं खेळणार ते सांगायचं. बाहेर राहिलेला एखादा हुकूम सांगायचा विसरला आणि त्यानं हात कापला जाऊ शकत असला, तर तो हात समोरच्यांचा. त्यावर "मला माहीत होतं" ही सबब आबा ऐकून घ्यायचे नाहीत. "माहीत होतं तर बोलला का न्हाई?" एवढंच विचारायचे.

पुढं ब्रिजचे नियम वाचायला मिळाले तेव्हा मी थक्क झालो. कलम 68 तेच सांगतं. उरलेल्या हातांवर हक्क सांगायचा तर पानं कोणत्या क्रमानं खेळणार ते तिथल्या तिथं सांगा. 2017 च्या नियमांत तर चौघांचीही संमती असेल तर तो हक्क रद्द धरून डाव पुढं खेळायचीही मुभा आहे. जगभरच्या स्पर्धांनी आणि आमच्या पारानं एकच गोष्ट ओळखली होती: वेळ वाचवायचा तर उघड्या पानांनी वाचवा.

घाई आमच्याकडं आली ती रेल्वेनं. 1975 साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि मुंबईला रोज जाऊन येणं जमू लागलं. मीही काही वर्षं पास काढून जात होतो. संध्याकाळी परतताना कल्याण सुटलं की मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून डाव मांडला जायचा. तिथं वेळ घड्याळात मोजत नसत, स्टेशनात मोजत. कसाऱ्याला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागेपर्यंत एक डाव, इगतपुरीपर्यंत दुसरा. नाशिकरोड यायच्या आत हिशेब पुरा व्हायला हवा. मग कुणीतरी म्हणायचं, "पिसू नको रे, नुसतं काट." झालेल्या डावाचे हात गोळा करायचे, एकदा काटायचं, की वाटप सुरू. गाडीत पैज चहाची असायची, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

ऐंशीच्या दशकात हीच सवय पासवाल्या पोरांनी गावच्या गणपतीत आणली. जागरणाला मेंढीकोटाची स्पर्धा, सोळा जोड्या, बक्षीस स्टीलची घागर. रात्र थोडी, सोंगं फार. "पिसत बसलो तर सकाळची आरती हितंच व्हईल," म्हणून पिसणं बंद झालं. शेवटच्या फेरीत एका जोडीनं लागोपाठ दोन कोट लावले आणि दोन्ही वेळा पानं त्याच जोडीतल्या एकानं वाटली होती. समोरचा उठला आणि भरमंडपात म्हणाला, "पानं लावतो तू!"

हे दोघं बांधाचे शेजारी. विहीर सामाईक, मोटर एक. दुसऱ्या दिवशी मोटरीच्या खोलीला कुलूप लागलं. भाद्रपदात पावसानं ओढ दिली होती आणि ज्याच्यावर आळ आला त्याच्या कांद्याच्या रोपानं चौथ्या दिवशी माना टाकल्या. घागर राहिली बाजूला, घरं बोलेनाशी झाली.

पाचव्या दिवशी आबांनी दोघांना पारावर बसवलं. घोंगडीवर एक डाव खेळवला, हात गोळा केले, पिसले नाहीत. काटायला मलाच बसवलं होतं. पाच-चार-चार वाटून आबांनी सगळी पानं उघडी केली. एकाच्या हातात एका रंगाची सात पानं. पुन्हा तसंच केलं, पुन्हा तोच प्रकार. मग त्यांनी समजावलं. प्रत्येक हातात चार पानं, बहुतेक एकाच रंगाची. पहिल्या वाटपात पाच-पाच करून वीस पानं जातात, म्हणजे बरोबर पाच हात. त्यानंतर जे चार-चार पडतात ते जुने हातच जसेच्या तसे. काट मधेच पडली तर फार तर तीन अन् एक, न्हाईतर दोन-दोन असे फुटतात. "ह्यानं पानं लावली न्हाईत. तुम्ही न पिसून लावलीत," आबा म्हणाले.

कुलूप त्याच दिवशी निघालं. रोप निम्मं वाचलं. बोलणं सुरू व्हायला मात्र दिवाळी उजाडली.

सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, त्या निकालातही हा मुद्दा आहे. दैवाचा भाग येतो तो पिसलेल्या गड्डीत कोणतं पान कुठं बसलं यातून. पिसणंच गाळलं तर दैव उरत नाही, उरतो संशय. 1992 साली अमेरिकेतल्या दोन गणितज्ञांनी दाखवलं की गड्डीचे दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळले, तरी नीट मिसळायला सात वेळा लागतात. आपण हातावर सरकवत पिसतो, त्याला त्याहून कितीतरी जास्त.

आता पोरं मोबाइलवर रमी खेळतात. तिथं पिसायला क्षणही लागत नाही, आणि "थांब, मला काटू दे" म्हणायला शेजारी कुणी नसतं. त्यात कांद्याच्या पट्टीचे पैसे गेलेली घरं मी पाहिली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा पारावर एकानं विचारलं, "पत्ते वाईट म्हणायचे का मंग?"

पत्ते वाईट नाहीत. डावाचा शेवट चौघांनी पाहून, मान डोलावून आवरता घेतला तर कुणाचं काही जात नाही. सुरुवात मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सावकाशच व्हायला हवी. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत आजही पानं दोघांनी पिसायची आणि तिसऱ्यानं काटायची. रात्र पुरत नाही, म्हणून जोड्या सोळाच्या आठ केल्या आहेत.