पोटाच्या पोटात

सातबाऱ्यावर 'पोटखराब' ही नोंद असते. शहरातून आलेल्या वारसाला ती वाचून हसू येते, तलाठ्याला येत नाही. गटाच्या हद्दीत असूनही पिकाखाली न येणारी जमीन, म्हणजे खडक, ओढा, वाट, ती पोटखराब. इथे पोट म्हणजे 'आतले'. या शब्दाची किल्ली तिथेच आहे.

संस्कृतातले उदर प्राकृतात झिजून 'उअर' झाले. मराठीत ते आज दिसते ते 'उदरनिर्वाह'सारख्या भारदस्त शब्दांत. घरात चालले ते 'पोट्ट'. बाराव्या शतकात हेमचंद्राने संस्कृतातून व्युत्पत्ती न लागणाऱ्या शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोश रचला, त्यात ते आहे. तेलुगूत आजही पोट्टच म्हणतात; कन्नडात जुन्या 'प'चा 'ह' होऊन होट्टे झाले. हेमचंद्राच्याही कितीतरी आधी, सातवाहन राजा हालाच्या नावावरच्या 'गाथासप्तशती'त एक गाथा येते: आपले पोट तर पाखरेही भरतात, संकटात सापडलेल्याला वर काढणारा विरळा. म्हणजे 'पोट भरणे' हा वाक्प्रचार खुद्द मराठीहून जुना.

पण पोट भुकेपुरते राहिले नाही. आत मूल वाढते, म्हणून पोटुशी आणि पोटची पोर. शिवारातही तेच: ज्वारीचे कणीस पानाच्या वेष्टनात फुगलेले, अजून बाहेर न पडलेले असले की पीक पोटरीत आले म्हणतात. आत मन असते, म्हणून पोटात एक, ओठात एक. मोठ्या मनाचा माणूस अपराध पोटात घालतो. छोट्या मनाच्याला शेजाऱ्याचे बरे झाले की तिथेच दुखते. कायद्याच्या पोटात पोटकलम, भाडेकरूच्या पोटात पोटभाडेकरू, घराच्या पोटात पोटमाळा.

शेवटी तर अवयवच उरला नाही. 'रागापोटी बोललो', 'भीतीपोटी गप्प बसलो', 'मायेपोटी दिले'. जो ज्याच्या पोटी जन्मला, त्याचे ते कारण. म्हणून रागालाही पोट आले आणि आपला शब्द त्याचे लेकरू ठरला. पुढे हिशेबातही हा शब्द शिरला. शेतसाऱ्यापोटी रक्कम भरली की तोच तलाठी पावती फाडतो. तिच्यावरही पोट असते, फक्त त्याला भूक नसते.