संत फ्रान्सिसच्या नगरीतील कॉफीचे दुकानदार

कॉफी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती काचेची बरणी आणि तिच्यातील तपकिरी पूड. पाहुणा दारात आला, चमचाभर पूड कपात घातली, गरम दूध ओतले, साखर ढवळली, की झाली कॉफी! ही पूड कोणत्या डोंगरावरच्या झाडाची, फळे कोणी खुडली, दाणे कोणी भाजले आणि भाजल्याला किती दिवस लोटले, हे प्रश्न आपल्या मनाला शिवतही नाहीत. या प्रश्नांची उत्तरे देणारी दुकाने एके काळी गावोगावी होती. ती मागे का पडली आणि पुन्हा कशी उभी राहिली, हा इतिहास एका शहराच्या कहाणीत विशेष स्पष्टपणे वाचता येतो. ते शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को.

शहराचे नाव संत फ्रान्सिस असिसीकरांचे. १७७६ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी येथे आपले मिशनकेंद्र स्थापिले. दारिद्र्याला आपली सखी मानणाऱ्या त्या संताच्या नगरीवर १८४९ साली मात्र सोन्याच्या लोभाने लोटलेल्या माणसांचा पूर आला. पुढच्याच वर्षी, १८५० मध्ये, विल्यम बोवी नावाच्या व्यापाऱ्याने येथे कॉफी आणि मसाल्याची गिरणी काढली. त्या काळी लोक कच्चे, हिरवट दाणे विकत घेत, घरच्या तव्यावर भाजत आणि हातजात्यावर दळत. खाणीत दिवसभर राबणाऱ्या माणसाला एवढी सवड कोठली? त्याला भाजलेली, दळलेली कॉफी हवी होती आणि बोवीने ती पुरविली.

ही गिरणी उभारण्याच्या कामावर जेम्स फोल्जर हा चौदा-पंधरा वर्षांचा सुतारकाम जाणणारा मुलगा होता. तोही काही काळ खाणींकडे गेला, परत आला आणि यथावकाश त्याच धंद्यात भागीदार झाला. १८६५ च्या सुमारास पेढी बुडाली. फोल्जरने भागीदारांचे हिस्से विकत घेतले, सावकारांकडून मुदत मागून घेतली आणि काही वर्षांत साऱ्यांची देणी फेडली. पुढे अमेरिकेत घरोघरी पोचलेल्या एका कॉफीच्या नावामागे ही हकिकत आहे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने शहर बेचिराख झाले. परंतु बंदराजवळची फोल्जरची इमारत उभी राहिली.

या शहराने कॉफीच्या व्यापाराला एक विद्याही दिली. पूर्वी दाण्याचा आकार आणि रंग पाहून भाव ठरे. क्लॅरेन्स बिकफर्ड या येथील दलालाच्या ध्यानात आले की, उंच डोंगरावरचा लहानखुरा दाणा कपात उतरला की मोठ्या देखण्या दाण्याला मागे टाकतो. तेव्हापासून दाणे थोडे भाजावे, दळून त्यांवर उकळते पाणी ओतावे, चमच्याने घोट ओढून पारख करावी आणि मग सौदा करावा, ही रीत येथे रुळली. पहिल्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा मध्य अमेरिकेतील उत्तम कॉफी मोठ्या प्रमाणावर याच बंदरात येऊ लागली.

पण याच शहरात १९०० साली हिल्स बंधूंनी भाजलेली कॉफी हवा काढून टाकलेल्या डब्यात भरण्यास प्रारंभ केला. सोय मोठी होती. भाजलेला दाणा हा नाशवंत पदार्थ आहे, ही गोष्ट आपण विसरतो. कॉफी भाजताना हिरवा दाणा आधी पिवळा पडतो, भाजक्या धान्यासारखा वास येतो, मग सुमारे दोनशे अंश सेल्सियसला लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज होतो. दाणा फुगतो, वजनात मात्र सहाव्या हिश्श्याने घटतो. त्यानंतर त्यातून वायू बाहेर पडू लागतो, आणि काही आठवड्यांत सुगंध उडून जातो. दळलेल्या पुडीचे आयुष्य तर दिवसांत मोजावे लागते. निर्वात डब्याने हे आयुष्य कितीतरी वाढविले. एका कारखान्यातील कॉफी हजार मैलांवरच्या किराणा दुकानात ठेवता येऊ लागली आणि गल्लीतील भट्टीवाल्याची गरज संपली.

डब्यावर नाव असे ते कंपनीचे. दाण्याचे गाव त्यावरून पुसले गेले. पुढे स्पर्धा वाढली. १९५३ साली ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीत दव गोठून पीक गेले व भाव कडाडले, तेव्हा अनेक कंपन्यांनी मिश्रणात स्वस्त रोबस्टा दाणे घालण्यास सुरुवात केली. गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही, असा हिशेब होता. तो बराचसा खराही ठरला. कारण तुलनेसाठी त्याच्यापाशी दुसरी चवच उरली नव्हती.

जुनी रीत पूर्णपणे मेली मात्र नव्हती. १८९९ पासूनचे ‘फ्रीड, टेलर अँड फ्रीड’ हे दुकान दाणे भाजून विकत होते. नॉर्थ बीच ही इटालियन स्थलांतरितांची वस्ती. संत पीटर व संत पॉल यांच्या सलेशियन चर्चचे जुळे मनोरे तेथे दुरूनही दिसतात. त्या वस्तीत १९३५ पासून ‘ग्राफेओ’ची भट्टी होती. १९५६ साली जोव्हान्नी जोत्ता या खिडक्या पुसून पोट भरलेल्या इटालियन माणसाने तेथेच ‘काफे त्रिएस्ते’ उघडले. परमुलखात आलेल्या माणसांनी आपल्या जिभेची आठवण जपली, आणि तिच्यामुळे एक हुन्नर जगला.

त्याला नवे बळ देणारा माणूसही परदेशातूनच आला. आल्फ्रेड पीट यांचा जन्म १९२० साली हॉलंडमधील आल्कमार येथे झाला. वडिलांची कॉफी भाजण्याची लहानशी पेढी होती. महायुद्धात जर्मनीत सक्तीची मजुरी, नंतर चहा-कॉफीच्या व्यापारात लंडन, इंडोनेशिया, न्यूझीलंड असा प्रवास करून ते १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. मोठ्या कंपन्यांना दाणे पुरविणाऱ्या पेढीत ते नोकरीला लागले. जगातील सर्वांत संपन्न देश इतकी हलकी कॉफी का पितो, हे कोडे त्यांना सुटेना. नोकरी गेल्यावर, १ एप्रिल १९६६ रोजी, खाडीच्या पलीकडील बर्कली येथे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. दुकानातच भट्टी, कच्च्या दाण्यांची पोती आणि रस्त्यापर्यंत दरवळणारा वास. दाणे थोडथोडे भाजायचे, गडद भाजायचे आणि ताजे विकायचे, हा त्यांचा नेम. सुमात्रा, ग्वातेमाला, केनिया ही दाण्यांची गावे पुन्हा गिऱ्हाइकाच्या कानावर पडू लागली. पीट स्वभावाने करडे. कॉफी कशी करावी हे ते गिऱ्हाइकाला मास्तरांसारखे शिकवीत.

त्याच सुमारास शहरातील एका आयात पेढीत एर्ना क्नुत्सेन ही नॉर्वेत जन्मलेली, चाळिशी उलटलेली बाई चिटणिसाचे काम करीत होती. चव पारखण्याच्या खोलीत स्त्रियांना मज्जाव असे. तिने विरोध सोसून ही विद्या हस्तगत केली. मोठ्या कंपन्यांना नको असलेल्या लहान लहान उत्तम राशी ती छोट्या भट्टीवाल्यांना विकू लागली. १९७४ साली एका व्यापारी मासिकातून तिने अशा कॉफीला ‘स्पेशॅलिटी कॉफी’ हे नाव दिले. विशिष्ट हवामानात, विशिष्ट भूमीत पिकलेल्या दाण्याची चव वेगळी असते, हा त्यामागचा विचार. पुढे ती पेढीच तिने विकत घेतली.

पीट यांच्याकडे शिकलेल्या तीन तरुणांनी १९७१ साली सिएटल शहरात दुकान काढले. त्याचे नाव ‘स्टारबक्स’. आरंभी ते पीट यांनीच भाजलेले दाणे विकीत. हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८७ मध्ये ते विकत घेतल्यावर दाण्यांचे दुकान मागे पडून कपांचे साम्राज्य उभे राहिले. ते टाटांच्या भागीदारीत २०१२ साली मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला येऊन पोचले.

येथपर्यंतची कथा दुकानदाराच्या यशाची आहे. परंतु आमच्या मते खरी कसोटी पुढे आहे. दाण्याचे गाव गिऱ्हाइकाला कळले. त्या गावातील माणसाच्या हातात काय पडले? १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटा-पद्धती कोसळली आणि काही महिन्यांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. २००१ साली तर पौंडाला अर्धा डॉलरही मिळेना. शहरात एका कपाला त्याच्या कितीतरी पट मोजले जात असताना डोंगरातील शेतकरी बागा टाकून देत होता.

या अन्यायाला वाट काढणाऱ्यांत एक धर्मगुरू होते. फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच फादर मेक्सिकोच्या ओहाका प्रांतात आदिवासी शेतकऱ्यांमध्ये राहत. त्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी किमान वाजवी भावाच्या हमीसह हॉलंडच्या दुकानांत विकण्याची योजना १९८८ मध्ये सुरू झाली. तिचे नाव ‘मॅक्स हॅव्हेलार’. जावा बेटावरील डच जुलमाला वाचा फोडणाऱ्या १८६० मधील कादंबरीवरून ते घेतले होते. दहा वर्षांनी, १९९८ साली, अशाच प्रमाणपत्राचे अमेरिकेतील काम सुरू झाले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरील ओकलंड शहरात.

त्याच ओकलंडमध्ये २००२ साली जेम्स फ्रीमन या क्लॅरिनेटवादकाने ‘ब्लू बॉटल’ सुरू केली. भाजल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आतलेच दाणे विकायचे, ही त्याची प्रतिज्ञा होती. २०१७ मध्ये तिचा मोठा हिस्सा नेस्लेने घेतला. म्हणजे बरणीतील झटपट कॉफी जगभर नेणाऱ्या कंपनीनेच. हुन्नर लहान दुकानात जन्मतो आणि मोठ्या तिजोरीत जाऊन बसतो, हे चक्र या शहराने एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

म्हणून भिस्त ठेवायची ती दुकानाच्या पाटीवर नव्हे, गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत आजही समोर दाणे दळून मिळतात, चिकोरी किती घालू, असे विचारले जाते. हे दाणे चिकमगळूरचे की कोडगूचे, केव्हा भाजले, एवढे आपण विचारले तर दुकानदार आनंदाने सांगेल. तिसरा प्रश्न, पिकविणाऱ्याला काय मिळाले, याचे उत्तर कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. तरी तो विचारावा. पुष्कळांनी विचारलेला प्रश्न व्यापाराला फार काळ टाळता येत नाही, हे १९८८ साली एका गरीब डोंगरी प्रांतातील शेतकऱ्यांनी दाखवून दिले आहे.